ब्रिटनमधील वंशशोध : व्यवसाय आणि वास्तव्याच्या नोंदी

पूर्वजांचा धंदा आणि पत्ता यांच्या आधारे ब्रिटनमधील घराण्याचा माग काढण्याची पद्धत. तिथे नुसत्या नावावर भागत नाही. एकोणिसाव्या शतकात एकाच गावात दोन-तीन जॉन स्मिथ सहज सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे तो लोहार होता की शेतमजूर आणि कुठल्या गल्लीत राहत होता यावरूनच ठरते.

जन्म, मृत्यू व विवाहांची सरकारी नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी आणि स्कॉटलंडमध्ये १८५५ साली सुरू झाली. इंग्लंडमधल्या विवाहाच्या दाखल्यावर वधूवरांचे पत्ते आणि दोघांच्या वडिलांची नावे, व्यवसाय असत. आईच्या नावाला मात्र मे २०२१ पर्यंत जागाच नव्हती. स्कॉटलंडच्या दाखल्यांत ते पहिल्यापासून, माहेरच्या आडनावासह आहे. इंग्लंडमधली आईकडची शाखा शोधताना हा अन्याय पावलोपावली जाणवतो.

मुख्य आधार जनगणनेचा. ती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होई, पण देशभरातील नाववार नोंदी मिळतात त्या १८४१ पासूनच्या. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांचे वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले आणि जन्म त्याच काउंटीतला (जिल्ह्यासारख्या विभागातला) आहे का, मुख्यतः एवढेच विचारले. १८५१ पासून जन्माचे पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला स्थानिक विभाग) आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते येऊ लागले. मग मुलांच्या जन्मगावांवरून कुटुंबाची वाटचालच समोर येते. थोरली मुले कॉर्नवॉलमधल्या रेडरुथची, धाकटी कंबरलंडमधल्या मिलमची आणि बाप खाणकामगार, अशी नोंद दिसली की कारणही कळते : १८६०च्या दशकात कॉर्नवॉलचा तांब्याचा धंदा बसला आणि तिथले खाणकामगार लोखंडाच्या खाणींकडे वळले.

१९११ साली घरोघरच्या लोकांनी स्वहस्ते भरलेले तक्ते जपले गेले आहेत. विवाहित स्त्रीला किती मुले झाली आणि त्यांपैकी किती गेली, हे त्यांत विचारले होते. विधवांसाठी हा प्रश्न नव्हता, तरी अनेकींच्या तक्त्यांत उत्तर भरलेले आहे. पुढे ते खोडले गेले, पण खोडलेले आकडेही बहुधा वाचता येतात. गेलेल्या मुलांचा तेवढाच मागमूस एखाद्या कुटुंबाच्या हाती लागतो, म्हणून हा तक्ता घाईने उलटू नये. व्यवसायाच्या रकान्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. शिवणकाम, कपडे धुणे, शेतावरची रोजंदारी करणाऱ्या कित्येक बायकांपुढे तो कोराच आहे.

जनगणनेच्या आधीच्या काळासाठी गरिबांचे कागद फार मोलाचे. १६६२च्या कायद्यानुसार निर्वाहासाठी मदत देण्याची जबाबदारी माणसाच्या हक्काच्या पॅरिशवर असे. तो हक्क जन्माने, उमेदवारीने (म्हणजे कारागिराच्या हाताखाली धंदा शिकल्याने) किंवा वर्षभराच्या चाकरीने मिळे. परगावी हलाखीत सापडलेल्याची न्यायाधीशांपुढे जबानी होई : जन्म कुठला, चाकरी कुणाकडे, पगार किती, लग्न कधी. सही न येणारा खाली फुली मारी. ज्या शेतमजुराबद्दल एरवी ओळभर मजकूर मिळाला नसता, त्याचे निम्मे आयुष्य अशा एका पानात सापडते. खात्यापित्या घरांसाठी मृत्युपत्रे, व्यापाऱ्यांच्या निर्देशिका आणि १७१० ते १८११ या काळातील उमेदवारीवरील कराच्या वह्या आहेत.

लंडनचा पत्ता हाती असेल तर समाजसंशोधक चार्ल्स बूथ यांचे दारिद्र्याचे नकाशे पाहावेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या या पाहणीत रस्ते सात रंगांत रंगवले आहेत. काळा अतिदरिद्री वस्तीचा, पिवळा श्रीमंतांचा. जुना घरक्रमांक आजच्याशी जुळेलच असे नाही, कारण रस्त्यांची नावे आणि क्रमांक वारंवार बदलले.

जनगणनेचे तक्ते शंभर वर्षे बंद असतात. १९२१चे जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१चे इंग्लंड-वेल्सचे तक्ते १९४२ साली आगीत जळाले आणि १९४१ साली युद्धामुळे जनगणना झालीच नाही. ही पोकळी काही अंशी २९ सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने भरून निघते. तिच्यात पत्ता, जन्मतारीख आणि व्यवसाय आहे.

जन्मस्थळ म्हणून मुंबई, पुणे किंवा खडकी लिहिलेले आढळले, तर शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तराकडे वळतो. मुंबई इलाख्यातील चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला तिथे आहेत. सैनिक आणि रेल्वेचे नोकर यांच्या घरांचे धागे अनेकदा त्यांतूनच जुळतात.