विद्यापीठप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय विनिमय भेटी

एका देशातील विद्यापीठांचे कुलगुरू, अधिष्ठाते, कुलसचिव किंवा आंतरराष्ट्रीय विभागांचे प्रमुख यांनी ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या देशातील विद्यापीठांत जाऊन तेथील कारभार जवळून पाहणे आणि यजमानांनीही परतभेटीस येणे, या प्रथेस विद्यापीठप्रमुखांच्या विनिमय भेटी म्हणतात. विद्यार्थी व अध्यापकांच्या विनिमयाहून ही प्रथा वेगळी आहे, कारण येथे अध्ययनाचा विषय खुद्द विद्यापीठ हाच असतो.

ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद १९१२ मध्ये लंडन येथे भरली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून एक कायमचे कार्यालय निर्माण झाले. आजची राष्ट्रकुल विद्यापीठ संघटना ही त्याचीच वारसदार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा संपर्काला सरकारी पाठबळ मिळाले. अमेरिकेत १९४६ मध्ये ज्यांच्या नावाने विनिमय योजना सुरू झाली, ते सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट स्वतः १९३९ ते १९४१ या काळात आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि त्यापूर्वी ऑक्सफर्ड येथे शिकले होते. या योजनेत पुढे विद्यापीठ-प्रशासकांसाठी अल्पमुदतीची स्वतंत्र परिसंवाद-सत्रे सुरू झाली. जर्मनीत २००१ पासून जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा आणि तेथील कुलगुरू परिषद मिळून विकसनशील देशांतील विद्यापीठांच्या व्यवस्थापनासाठी कार्यक्रम चालवतात. त्यातील अधिष्ठात्यांच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला आपल्या विद्याशाखेतील एका बदलाचा आराखडा तयार करावा लागतो. केवळ पाहुणचारावर संपणाऱ्या दौऱ्यांपेक्षा ही पद्धत निश्चितच सरस आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस योजनेत प्रशासकीय कर्मचाऱ्यांनाही काही दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत परदेशी संस्थेत राहता येते.

अशा भेटींची खरी गरज पदनामांपासूनच जाणवू लागते. ब्रिटनमध्ये ‘चान्सलर’ हे पद मुख्यतः मानाचे असून प्रत्यक्ष कारभार ‘व्हाइस चान्सलर’ पाहतात. अमेरिकेत विश्वस्त मंडळ अध्यक्षाची नेमणूक करते. तर युरोपातील अनेक देशांत रेक्टरची, म्हणजे विद्यापीठप्रमुखाची, निवड विद्यापीठातील घटकांच्या मतांनी होते. त्यामुळे समोर बसलेली व्यक्ती स्वतःच्या अधिकारात करारावर सही करू शकते, की तिला आधी अधिसभेची किंवा मंडळाची संमती घ्यावी लागते, हे न कळल्यास वाटाघाटी महिनोन् महिने अडून राहतात. अभ्यासाचे माप ठरवणाऱ्या श्रेयांकांचेही (क्रेडिट) तसेच आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे धरतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तासांचे एकूण काम गृहीत असते. अमेरिकेत मात्र सत्रपद्धतीच्या वर्षाचे श्रेयांक सामान्यतः ३० असतात. ही आकडेवारी कागदावरही वाचता येते. परंतु परतलेल्या विद्यार्थ्याचे गुणपत्रक कोणत्या मेजावर जाते, त्यावर निर्णय कोण घेतो आणि तो घेताना कशाची शंका येते, हे परीक्षा विभागात जाऊन बसल्याखेरीज उमगत नाही. म्हणून सभागृहातील सादरीकरणांपेक्षा वसतिगृह, ग्रंथालय, प्रवेश कार्यालय आणि तक्रार निवारण कक्ष येथे घालवलेला वेळ अधिक फलदायी ठरतो.

या प्रथेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की भेटीचे यश सामंजस्य करारांच्या संख्येवर मोजले जाते. त्यांतील कित्येक करारांना निधी, मुदत आणि जबाबदार व्यक्ती यांपैकी काहीच नेमून दिलेले नसल्याने ते प्रमुखाचा कार्यकाळ संपताच विस्मृतीत जातात. भेटीत कुलगुरूंबरोबर दीर्घकाळ पदावर राहणारा अधिकारी असला, तर संबंध टिकण्याची शक्यता वाढते. दुसरा आक्षेप विषमतेचा आहे: यजमानपद वारंवार संपन्न देशांकडे आणि शिकण्याची भूमिका इतरांकडे जाते. प्रवासखर्च आणि व्हिसाच्या अटी हे त्याचे एक कारण असले, तरी मोठ्या विद्यार्थिसंख्येचे व्यवस्थापन, बहुभाषक अध्यापन किंवा अल्प निधीत संस्था चालवणे या बाबतींत संपन्न देशांतील विद्यापीठांनाही शिकण्यासारखे पुष्कळ असते, आणि परतभेटीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरल्याशिवाय ते शिकणे घडत नाही.