विंचूदंश : गुंतागुंत, उपचार व रुग्णनिरीक्षण

विंचवाने नांगी मारल्यावर शरीरात होणाऱ्या विषबाधेला विंचूदंश म्हणतात. भारतात आढळणाऱ्या बहुतेक जातींच्या विंचवांचा दंश काही तास असह्य वेदना देतो आणि तेवढ्यावर थांबतो. तांबड्या विंचवाच्या दंशानंतर मात्र हृदय व फुफ्फुसे यांवर होणारा परिणाम प्राणघातक ठरू शकतो आणि लहान मुलांमध्ये हा धोका सर्वाधिक असतो. या गुंतागुंतीचे स्वरूप, ती वेळेत ओळखण्याच्या खुणा आणि तिच्यावरील औषधोपचार यांविषयीचे पायाभूत संशोधन मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा कोकणातील, विशेषतः रायगड जिल्ह्यातील महाड परिसरातील लहान दवाखान्यांत झाले. नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग आणि हातापायांचा उबदारपणा यांची ठरावीक अंतराने केलेली नोंद हेच या संशोधनाचे मुख्य साधन होते.

तांबडा विंचू : या जातीचे शास्त्रीय नाव मेसोब्युथस टॅम्युलस असून अलीकडील वर्गीकरणात ती हॉटेन्टॉटा या प्रजातीत घातली जाते. पूर्ण वाढलेला विंचू साधारणपणे ५ ते ९ सेंमी. लांब असतो, रंग नारिंगी तांबड्यापासून मळकट तपकिरीपर्यंत बदलतो. कोकणात दिसणारे मोठे काळे विंचू आकाराने भीतिदायक असले, तरी त्यांच्या दंशाने सहसा जीव जात नाही. जाड, भक्कम आकडे (तोंडापुढील चिमटे) आणि तुलनेने बारीक शेपटी हे काळ्या विंचवाचे लक्षण, तर नाजूक आकडे व जाड शेपटी हे तांबड्याचे. जांभ्या दगडाचे गडगे, लाकूडफाट्याचे व पेंढ्याचे ढीग, कौले आणि मातीच्या भिंतींतील भेगा या तांबड्या विंचवाच्या लपण्याच्या जागा होत. तो निशाचर असल्यामुळे अंधारात अनवाणी चालताना, सरपण काढताना, अंथरुणावर पडताना किंवा पायताणात पाय घालताना दंश होतो. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर भातकापणीच्या दिवसांत रुग्णांची संख्या वाढते. बहुतेक रुग्ण शेतकरी, मजूर आणि त्यांची मुले असतात.

विषाची क्रिया : तांबड्या विंचवाच्या विषात अनेक लहान प्रथिने असतात. त्यांपैकी काही चेतापेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात, तर काही पोटॅशियमचे मार्ग बंद करतात. याच विंचवाच्या विषातून वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन हे द्रव्य पोटॅशियमच्या एका विशिष्ट मार्गाच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. महाडच्या गडग्यातील प्राण्याची ही कीर्ती त्याच्या परिसरात फारशी कोणाला ठाऊक नाही. दोन्ही क्रियांमुळे चेतातंतू सतत उद्दीपित राहतात आणि स्वायत्त तंत्रिका तंत्रात, म्हणजे हृदयाचे ठोके, घाम, लाळ अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेत, खळबळ उडते. ॲड्रेनल ग्रंथी आणि चेतातंतूंची टोके यांतून ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन रक्तात मोठ्या प्रमाणात सोडली जातात. विषाने रक्त किंवा स्नायू नासत नाहीत. रुग्णाच्या स्वतःच्याच संप्रेरकांचा मारा त्याच्या हृदयाला झेपत नाही. उपचाराची दिशा ठरवताना हा भेद निर्णायक ठरला.

लक्षणे व गुंतागुंत : सुरुवातीच्या अल्पकाळात वांत्या, दरदरून घाम, लाळ गळणे, नाडी मंदावणे आणि पुरुष रुग्णांत शिश्नाची ताठरता ही लक्षणे दिसतात. वांती, घाम आणि ताठरता एकत्र आढळल्यास पुढे हृदयावर परिणाम होण्याची शक्यता आहे, असे समजले जाते. यानंतर ॲड्रेनॅलीनचा प्रभाव सुरू होतो. हातपाय गार पडतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे डाव्या जवनिकेला (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला) मोठ्या विरोधाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, तिची आकुंचनशक्ती कमी होते आणि फुफ्फुसांत पाणी साठते. रुग्णाला धाप लागते, खोकल्यावाटे फेसाळ, कधी गुलाबी थुंकी पडते, रक्तदाब उतरतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. इसीजीमध्ये हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसू शकतात. मेंदूतील रक्तस्राव किंवा पक्षाघात क्वचित आढळतो.

दंशाच्या जागची वेदना आणि दंशाची तीव्रता यांचे प्रमाण बऱ्याचदा व्यस्त असते. वेदनेने तळमळणाऱ्या, पण अंग उबदार व कोरडे असलेल्या रुग्णाला सहसा धोका नसतो. याउलट, दंशाची जागा फारशी न दुखणारा, घामाने निथळणारा, हातपाय गार पडलेला शांत मुलगा काही तासांतच अत्यवस्थ होऊ शकतो. उपचाराने स्वायत्त लक्षणे (वांती, घाम, गार हातपाय इत्यादी) ओसरू लागली की अशा रुग्णाची मूळ वेदना परत येते आणि ती बरे होण्याची खूण मानली जाते. रडू लागलेले मूल पाहून नातेवाईक घाबरतात, तेव्हा डॉक्टर निर्धास्त होतो.

संशोधनाचा इतिहास : विंचूदंशाने फुफ्फुसांत पाणी होते, हे निरीक्षण मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवले होते. तरीही पुढील दोन दशके ग्रामीण भागातील उपचार बरेचसे अंदाजाने चालत. ॲट्रोपीन, स्टेरॉइडे, ॲलर्जीवरील इंजेक्शने, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, कधी डिजॉक्सिन हे हृदयावरचे औषध असे जे हाताशी असेल ते दिले जाई. त्यांपैकी काही औषधे निरुपयोगी होती आणि काही अपायकारक. ॲट्रोपीनने घाम व लाळ थांबते खरी, परंतु आधीच धावणाऱ्या हृदयाचा वेग आणखी वाढतो.

नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंशाचे रुग्ण दाखल करून घेऊन त्यांच्याजवळ थांबणे आणि प्रत्येकाची नाडी, रक्तदाब, हृदयाचे ध्वनी व इसीजी यांतील बदल वेळेसह लिहून ठेवणे ही त्यांची पद्धत होती. गायतोंडे, जाधव आणि बावस्कर यांचे फुफ्फुसांतील पाण्याविषयीचे टिपण १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. हृदयावरील परिणामाची पूर्वसूचना देणाऱ्या चिन्हांविषयीचा बावस्करांचा लेख १९८२ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मृत्यू विषाच्या गूढ प्रभावाने होत नसून हृदय अपुरे पडल्याने होतो आणि तो टप्प्याटप्प्याने येतो, हे या नोंदींतून स्पष्ट झाले. मृत्यूची वाट टप्प्यांची असेल, तर ती मध्येच अडवणे शक्य आहे, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर शिक्षणानंतर बावस्कर कोकणात परतले. रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी पोलादपूर येथे अत्यवस्थ रुग्णांना दिले. त्याने गुण आला. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, रक्तदाबावर अखंड लक्ष ठेवावे लागते आणि दुर्गम केंद्रात हे दोन्ही अवघड असते. तोच परिणाम तोंडावाटे घेण्याच्या गोळीने साधता येईल का, या शोधातून ते उच्च रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिनपर्यंत पोहोचले. हिंमतराव व त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हिंमतराव बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

याच काळात मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राधाकृष्ण मूर्ती यांनी वेगळ्या दिशेने काम केले. ॲड्रेनॅलीनच्या माऱ्यामुळे इन्शुलिनचे स्रवण दबते आणि हृदयाच्या स्नायूंना ऊर्जा कमी पडते, असे मांडून त्यांनी प्रायोगिक प्राण्यांत व पुढे रुग्णांत इन्शुलिन आणि ग्लुकोज यांचा उपयोग करून पाहिला. मात्र गावपातळीवर प्राझोसिनच रुजले, कारण गोळी स्वस्त होती आणि ती देण्यास शिरेतील सुई लागत नव्हती.

प्राझोसिनचा उपचार : हे औषध रक्तवाहिन्यांवरील आल्फा ग्राही, म्हणजे ॲड्रेनॅलीनचा संदेश घेऊन वाहिन्या आकुंचित करणाऱ्या जागा, अडवते. वाहिन्या सैलावून हृदयावरील दोन्ही बाजूंचा भार हलका होतो आणि हृदयाचा वेग फारसा वाढत नाही. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा तोंडावाटे देऊन, हातपाय उबदार व कोरडे होईपर्यंत दर ३ तासांनी तिची पुनरावृत्ती करतात. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते आणि मुलाला कडेवर उचलू नये, असे आईला निक्षून सांगावे लागते. वांत्या व घामाने गेलेले पाणी भरून काढणेही तितकेच आवश्यक असते, कारण कोरड्या पडलेल्या रुग्णात औषधाने रक्तदाब अधिक उतरतो. फुफ्फुसांत पाणी झालेल्या रुग्णाला प्राणवायू, शिरेतून रक्तवाहिन्या सैलावणारी औषधे आणि हृदय दुबळे झाले असल्यास त्याचे आकुंचन वाढवणारे डोब्युटामीन द्यावे लागते. हृदयावरील बीटा ग्राही अडवून त्याचा वेग व जोर कमी करणारी औषधे टाळतात. केवळ वेदना असणाऱ्या रुग्णाला प्राझोसिनची गरज नसते. दंशाच्या जागी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन किंवा साधे वेदनाशामक पुरते.

प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले, असे महाडच्या नोंदी सांगतात. ही तुलना दोन वेगवेगळ्या कालखंडांतील रुग्णांची आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. दरम्यान रस्ते झाले, वाहने आली, रुग्ण लवकर पोहोचू लागले, अपायकारक औषधे मागे पडली. अत्यवस्थ मुलांच्या एका गटाला मुद्दाम औषधाविना ठेवून चाचणी करणे नैतिकदृष्ट्या शक्य नव्हते. तरीही फरक इतका मोठा आहे की त्याचे सगळे श्रेय रस्त्यांना देता येणार नाही.

रुग्णनिरीक्षण : स्वायत्त लक्षणे असलेल्या रुग्णाची नाडी, रक्तदाब व श्वसन पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, पुढील ६ तास दर तासाने आणि त्यानंतर सुधारणा होईपर्यंत दर ४ तासांनी पाहण्याची पद्धत आहे. प्रत्येक वेळी तळहात-तळपाय हाताने चाचपून ते गार आहेत की उबदार, घामेजलेले आहेत की कोरडे, याची नोंद करतात. वरवर प्राथमिक वाटणारी ही तपासणी रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाची स्थिती चांगल्या प्रकारे दाखवते आणि औषधाची पुढची मात्रा द्यायची की नाही, हे तिच्यावरूनच ठरते. इसीजी, प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे बोटावरचे यंत्र आणि उपलब्ध असल्यास इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) यांची जोड उपयुक्त असते. तथापि जवनिकेचे आकुंचन यंत्रावर मोजले जाण्याआधीच घड्याळ, हात आणि रक्तदाबमापक यांच्या आधारे निर्णय घ्यावा लागतो. दाखल होताना धडधाकट दिसणारे मूल लगेच घरी पाठवणे ही या आजारातील घातक चूक होय.

दंशाच्या तीव्रतेची वर्गवारीही निरीक्षणातूनच तयार झाली. पहिल्या श्रेणीत फक्त स्थानिक वेदना, दुसऱ्या श्रेणीत स्वायत्त लक्षणे, तिसरीत हातपाय गार पडून फुफ्फुसांत पाणी होणे आणि चौथीत रक्ताभिसरण कोलमडणे येते. उपचारांची तुलना करताना सारख्या श्रेणीचे रुग्ण निवडता येऊ लागले, हा या वर्गवारीचा मोठा लाभ.

प्रतिविष : तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने तयार केले. प्राझोसिन विषाचे परिणाम आवरते, विष निष्प्रभ करत नाही. प्रतिविष रक्तातील मोकळ्या विषाला बांधून टाकते. दोन्ही एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो का, हे तपासण्यासाठी महाड येथे दुसऱ्या श्रेणीच्या ७० रुग्णांवर यादृच्छिक (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीसारख्या योगायोगाने ठरवणारी) चाचणी झाली आणि ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. १० तासांनी लक्षणे पूर्ण ओसरलेले रुग्ण प्रतिविष व प्राझोसिन घेतलेल्या ३५ जणांत ३२, तर केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ जणांत ८ होते. बरे होण्याचा सरासरी कालावधी अनुक्रमे ८ तास व १७.७ तास भरला. कोणाला कोणते औषध दिले, हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही माहीत होते, ही या चाचणीची मर्यादा होय. पुदुच्चेरी येथे ५० मुलांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही प्रतिविषाची जोड दिलेल्या मुलांची लक्षणे लवकर ओसरली.

अन्य देशांतील निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या, १९९९ मधील ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्रता न पाहता सरसकट दिलेल्या प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. उलट अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अत्यवस्थ मुलांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिविष घेतलेली आठही मुले ४ तासांत लक्षणमुक्त झाली, तर प्रतिविषाविना उपचार घेतलेल्या सातांपैकी एकच. ॲरिझोनातील विंचवाचे विष प्रामुख्याने चेता व स्नायूंवर परिणाम करते, कोकणातील विंचवाचे हृदयावर. ट्युनिशियातील चाचणीत सौम्य दंशाचे रुग्णही होते, ज्यांना कोणत्याच औषधाने मोठा फरक पडला नसता. त्यामुळे एका जातीच्या विंचवाविषयीचा निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. सापाच्या दंशावरील, अनेक जातींच्या सापांच्या विषावर चालणाऱ्या प्रतिविषाचा विंचूदंशात काहीच उपयोग होत नाही. तरीही दोहोंना एकच ‘लस’ समजून रुग्णाचे नातेवाईक ते टोचण्याचा आग्रह धरतात आणि त्यात प्राझोसिन देण्याचे पहिले तास निघून जातात. मांत्रिकाकडे नेणे, दंशाच्या वर करकचून बांधणे आणि जागा चिरणे यांनीही तोच वेळ वाया जातो.