प्रोसेसर अतितापणे (घरी जोडलेला संगणक)

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या संगणकात उष्णता पुरेशी बाहेर न गेल्याने प्रोसेसरचे तापमान त्याच्या कमाल मर्यादेला भिडणे. इंटेल कोअर आय५-१२४०० साठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स साठी ९० अंश आहे. तिथे पोहोचताच प्रोसेसर आपला वेग उतरवतो. तरीही ताप चढत राहिला तर संगणक आपोआप बंद पडतो.

नुसता मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे. रायझन ७ ७७००एक्स पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलेला आहे. तापमान कशामुळे आणि किती झपाट्याने चढते, हे पाहणे महत्त्वाचे. काहीच काम नसताना, नुसत्या बायोसच्या (संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावर ते काही मिनिटांत ९० च्या घरात गेले, तर प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता काढणारा कूलर नीट टेकलेला नाही किंवा फिरत नाही, असे समजावे. कधी कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी अर्धवट बसते. वरून ती बसल्यासारखीच दिसते, म्हणून मदरबोर्ड उलटून मागून तपासावे. पाण्याच्या कूलरचा पंप जोडायचा राहिला तरी हेच घडते.

भार दिल्यावर ताप सावकाश चढत असेल, तर कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून पुन्हा मोजावे. फरक मोठा पडला, तर हवा अडते आहे: जाळीत धूळ, किंवा पंखा उलटा. पंख्याची हवा मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो, त्यामुळे डिसेंबरात घेतलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यासाठी पुरेशी नाही.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलताना संगणक आधी पंधरा मिनिटे चालवून मग बंद करावा आणि वीज काढावी. कोमट कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेवर) तो सरळ वर ओढला, तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटचा खटका बंद असतानाही उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. दोन्ही पृष्ठे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

एवढे करूनही ताप उतरला नाही, तर नवा कूलर घेण्याआधी बायोसमधील वॅट-मर्यादा, म्हणजे प्रोसेसरला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, पाहावी. अनेक मदरबोर्ड ती मुळातच उठवून ठेवतात. आय७-१२७००के साठी इंटेलचे आकडे १२५ आणि टर्बोत (वाढीव वेगात) १९० वॅट आहेत. रायझनवर ६५ वॅटचा, कमी वीज घेणारा इको मोड निवडता येतो; गेमिंगमध्ये त्याने वेग फारसा घटत नाही.