रिपा मारणे (भिंत समतल करण्याची पद्धत)

वाकड्यातिकड्या भिंतीवर फळ्या, प्लायवुड किंवा जिप्सम बोर्ड लावण्याआधी लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकून सपाट बैठक तयार करण्याचे सुतारकाम. या पट्टीला रीप किंवा बॅटन म्हणतात. इंग्रजीतला 'फरिंग' हा शब्द अस्तर लावण्याच्या जुन्या अर्थावरून आला आहे, आणि तो चपखल आहे: मूळ भिंत वाकडी ती वाकडीच राहते, तिच्यापुढे एक नवी सरळ पातळी उभी केली जाते.

रीप साधारण 19 मिमी जाड आणि 38 ते 64 मिमी रुंद असते. रुंद घेतलेली बरी, कारण सांध्यावर दोन बोर्डांच्या कडा एकाच रिपेवर टेकवाव्या लागतात. दोन रिपांच्या मध्यांमधले अंतर 400 किंवा 600 मिमी ठेवतात. 1200 मिमी रुंदीच्या बोर्डाचे सांधे मग आपोआप रिपेवर येतात. उभ्या फळ्या लावायच्या असतील तर रिपा आडव्या, आडव्या फळ्यांना उभ्या.

सगळ्यात जास्त वेळ मोजमापात जातो, आणि जावा. ओळंबा व दोरीने भिंतीचा सर्वांत पुढे आलेला फुगवटा आधी शोधतात. तिथली रीप थेट भिंतीला टेकते, बाकीच्या सगळ्या तिच्या पातळीला आणायच्या. फुगवटा एखाददुसराच असेल तर तो टाकीने छिलणे शहाणपणाचे, नाहीतर त्या एका टेंगळापायी अख्ख्या खोलीची रुंदी घटते.

दोरीची एक जुनी युक्ती आहे. सारख्या जाडीचे तीन ठोकळे घ्यायचे. दोन रिपेच्या टोकांवर ठेवून त्यांवरून दोरी ताणायची आणि तिसरा दोरीखालून सरकवत न्यायचा. तो दोरीला ढकलू लागला की रीप तिथे पुढे आली आहे. फट दिसली की मागे गेली आहे. मागे गेलेल्या जागी पाचर मारतात, पण एकटी नव्हे. समोरासमोरून दोन पाचरी एकमेकींवर सरकवल्या तर रीप भिंतीला समांतर राहते. एकाच पाचरीवर स्क्रू आवळला की रीप पिळवटते. स्क्रू पाचरींच्या आरपार जाऊन विटेत वा काँक्रीटमध्ये निदान 25 मिमी रुतायला हवा.

भिंतीला ओल असेल तर रिपा ती फक्त झाकतात. ओलीचा बंदोबस्त आधी करायचा, मगच रिपांना हात लावायचा. शिवाय दमट जागी प्रक्रिया केलेले लाकूड किंवा टोपीच्या आकाराचे पत्र्याचे चॅनेल वापरतात.

अस्तर पुढे आल्याने स्विचचे डबे आणि दाराची चौकटही तितकीच पुढे घ्यावी लागते; हे नेमके शेवटी आठवते. कपाट टांगायचे असेल तिथे बोर्ड चढवण्याआधीच जादा आडवी फळी मारून तिची जागा जमिनीवर खुणावून ठेवतात.