नेट घेताय? आधी बघा घरात काच येतेय का तांबं

दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा नेटची पांढरी बारीक वायर मधे मधे येत होती म्हणून आम्ही ती खिडकीच्या ग्रिलला सुतळीने आवळून बांधली, आणि दोन दिवसांत नेटच्या डबीवरचा लाल दिवा लागला. लाईनवाला मुलगा आला, वायर काढून उजेड मोजायच्या मीटरला लावली तर आकडा उणे २९. मग त्याने पेनासारखं लाल लेझर वायरीच्या तोंडाला लावलं आणि खिडकीपाशी जाऊन बघतो तर सुतळीच्या गाठीजवळ वायरीतून लाल उजेड झिरपत होता! मी तर बघतच राहिले. त्याने सुतळी सोडली, तिथे तळहाताएवढा मोकळा वळसा ठेवला, आकडा उणे २१ वर आला आणि नेट चालू.

त्या वायरीत काचेचा धागा असतो, यालाच फायबर म्हणतात, जाडी १२५ मायक्रॉन, आणि उजेड धावतो तो त्याच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. उजेड गाभ्याच्या कडेला तिरपा आपटतो आणि परत आत फिरतो, शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. वायर फार मुडपली की तो आपटण्याचा कोन बदलतो आणि उजेड बाहेर गळतो. मीटरवर ३ ने आकडा खाली गेला की उजेड निम्मा झाला असं समजायचं, म्हणजे आमच्या एका गाठीने उजेड साधारण सहाव्या हिश्श्यावर आणला होता. साधारण उणे २७ च्या खाली डबीला काही वाचता येत नाही.

काचेतून उजेड वळवता येतो हे पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत दाखवलं, आणि काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश लांबवर जाईल हे चार्ल्स काओंनी १९६६ मध्ये मांडलं, त्यांना त्यासाठी २००९ चं नोबेल मिळालं.

आता कनेक्शन घेताना नुसतं "फायबर आहे ना?" विचारून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी फायबर बिल्डिंगच्या जिन्यातल्या पेटीपर्यंतच येतं आणि तिथून पुढे घरात साधी तांब्याची लॅन वायर. ती १०० मीटरपर्यंत छान चालते पण जिन्यातल्या पेटीची लाईट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही, नेट बंद. शिवाय लॅन वायरीत आठ तारा असतात, घाईत चारच जोडल्या तर प्लॅन कितीचाही घ्या, १०० एमबीपीएसच्या वर स्पीड जाणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक महिनोन् महिने जास्तीचे पैसे भरत राहतात. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे हं, आठने भागायचं, साडेबारा एमबी.

काच थेट घरात आली तरी ती तुमच्या एकट्याची नसते. एका धाग्यातला उजेड फोडून ३२ किंवा ६४ घरांना वाटतात आणि नेहमीच्या पद्धतीत सगळ्यांत मिळून अडीच जीबीपीएसच येतात. म्हणून जाहिरातीपेक्षा वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा की रात्री नऊला कसं चालतं, तेव्हा सगळी बिल्डिंग मॅच नाहीतर सिरीयल बघत असते.

राउटर कुठे ठेवायचा हे मात्र तुम्ही ठरवा, लाईनवाला जिथून वायर आत येते तिथेच ठोकून जातो. लोखंडी कपाटामागे, आरशामागे, फिशटँकशेजारी नको, धातू लहरी परतवतो आणि पाणी शोषतं. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर बरा. ५ गिगाहर्ट्झवाला वायफाय वेगवान पण भिंतीत लवकर दमतो, २.४ वाला लांब जातो पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी आणि मायक्रोवेव्हचाही त्रास.

वायरीच्या टोकाच्या काचेला बोट लावू नका, धुळीचा एक कणही उजेड अडवतो. टोकात डोळा घालून तर अजिबात बघू नका, नेटचा उजेड डोळ्याला दिसत नाही पण असतो.

तो उणे २१ आकडा मी तारखेसकट डबीच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलाय. पुढच्या वेळी नेट रडायला लागलं की लाईनवाल्याला मीटर लावायला सांगायचं, आकडा तोच असेल तर बिघाड वायरीत नाही, राउटर नाहीतर वायफाय बघायचं, खाली गेला असेल तर वायर हाताने चाचपत खिडकीपासून सुरुवात करायची.