मुलाची फाइल कोणी उघडायची?

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा निघाला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट दोन दिवसांत चहाच्या टपरीपर्यंत पोचली. मुलाचं नाव छापायचं वर्तमानपत्रांनी बहुतेक टाळलं. पण वडिलांचं नाव, त्यांचा धंदा, आजोबा, सगळं छापून आलं. वडील स्वतःच आरोपी झाल्यावर ते नाव दडवणार तरी कसं, हा प्रश्नही खराच. पण मुलगा कोण हे मग पुण्यात कुणाला विचारायची गरज उरली नाही.

कायदा मात्र नावापुरता थांबत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. ही मनाई विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलाला लागू आहे, तशीच बालकल्याण समितीपुढे आलेल्या निराधार मुलाला, पीडित मुलाला आणि साक्षीदार मुलालाही. मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे इतकं कडक कधी झालं, आणि ही गुप्तता मुळात कोणाच्या सोयीसाठी आली, ते पाहायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ सालची. तेव्हा मुलांची गोपनीयता ही कल्पनाच नव्हती. मुलगा रस्त्यावरून उचलायचा आणि कामाला लावायचा, एवढंच धोरण. मुलांसाठी वेगळं न्यायालय हवं हा विचार १८९९ मध्ये शिकागोत कायद्यात उतरला आणि १९०८ मध्ये इंग्लंडात आला. त्या इंग्लिश कायद्यातली एक तरतूद आज वाचताना गंमत वाटते. बालन्यायालयात बाहेरच्या माणसाला मज्जाव होता, पण वार्ताहराला नाही. तो बसायचा, लिहायचा आणि छापायचा. त्याच्या लेखणीला लगाम घातला तो १९३३ च्या कायद्याने. म्हणजे आधी दार बंद झालं. त्या दाराआडून बातमी बाहेर जाते, हे कायद्याच्या ध्यानात यायला पाव शतक लागलं.

आपल्याकडे मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बाल अधिनियम केले. मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ मध्ये उभी राहिली. डोंगरी-उमरखाडीचं 'रिमांड होम' तिच्याच कारभारातलं. कायद्यात त्याला आता निरीक्षणगृह म्हणतात, पण लोकांच्या तोंडचा शब्द काही बदललेला नाही. ही व्यवस्था आली तशी परिवीक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे मुलाची चौकशी आणि देखरेख करणाऱ्या 'प्रोबेशन ऑफिसर'ची, वही आली. मुलाच्या घरी जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, बाप पितो का, आई काय काम करते, मुलगा शाळेत का जात नाही, सगळं लिहून घ्यायचं. गोपनीयतेचा खरा प्रश्न या वहीपासून सुरू होतो, कारण तिच्यात गुन्ह्यापेक्षा घरच जास्त असतं.

१९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा प्रौढांनाही लागू होणारा. त्यात परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय ठरला आणि तिथेच एक सवलत जोडली गेली: न्यायालयाला योग्य वाटलं, तर त्या अहवालाचा सारांश अपराध्याला सांगता येईल आणि त्याला आपला पुरावा देता येईल. सांगता येईल, सांगावाच लागेल असं नाही. हा 'सारांश' पुढे मुलांच्या कायद्यांत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. अहवाल गोपनीय ठेवण्यात अधिकाऱ्याची आणि त्याला माहिती देणाऱ्याची सोय होती: शेजारी मोकळेपणाने बोलावा, अधिकाऱ्याने भीडभाड न ठेवता लिहावं. मुलाचा हक्क म्हणून गुप्तता ही नंतरची गोष्ट.

केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या १९६० च्या बाल अधिनियमाने मुलांची नावं छापायला बंदी घातली, पण राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे चालूच होते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर एकच कायदा हवा असं सांगितलं. त्याच वर्षी संसदेने तो केला आणि २ ऑक्टोबर १९८७ ला तो अमलात आला.

बारसेंचीच दुसरी याचिका इथे जास्त महत्त्वाची वाटते. ती मानखुर्दच्या निरीक्षणगृहाच्या कारभाराबद्दल होती. डिसेंबर १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांना निरीक्षणगृहात लांबवर अडकवून ठेवू नये असं बजावलं आणि संस्था चालवणारी सोसायटी ही राज्यसंस्थाच मानली पाहिजे असंही म्हटलं. मुलांच्या ओळखीवर पडदा हवा हे मान्यच. पण तोच पडदा संस्थेच्या कारभारावर पडला तर आतलं कळणार कुणाला? एका पत्रकार बाईने नेटाने पाठपुरावा केला म्हणून त्या भिंतींआडचं न्यायालयापुढे आलं. गोपनीयतेच्या चर्चेत ही बाजू सहसा निघत नाही.

दरम्यान जगातही वारं फिरलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनी स्पष्ट लिहिलं की बाल अपराध्यांच्या नोंदी कडक गोपनीय ठेवाव्यात, तिऱ्हाइताला बंद असाव्यात, समोरच्या प्रकरणाशी थेट संबंध असलेल्यांना आणि रीतसर अधिकार दिलेल्यांनाच पाहता याव्यात; आणि तोच माणूस मोठेपणी दुसऱ्या खटल्यात सापडला, तर त्या जुन्या नोंदी त्याच्याविरुद्ध काढू नयेत. भारताने बालहक्क करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. २००० च्या कायद्यावर या दोन्हींची छाया दिसते. दोष सिद्ध झाला तरी त्यामुळे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी काढून टाकायच्या, हे त्यात आलं. ओळख छापण्याचा दंड मात्र तेव्हाही हजार रुपये. २००६ मध्ये तो पंचवीस हजार झाला.

मग डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली बस. त्या आरोपींतला एक अठराच्या आतला होता, आणि त्याचा चेहरा दाखवा ही मागणी देशभर झाली. २०१५ चा कायदा त्या रागातून आला असं म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे: १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवायची वाट त्याने उघडली. पण त्याच कायद्याने गोपनीयता तत्त्व म्हणून लिहिली, 'नवी सुरुवात' हेही तत्त्व म्हणून लिहिलं आणि दंड दोन लाखांवर नेला. एकाच कायद्यात राग आणि माया शेजारी शेजारी बसलेली दिसते. नोंदी नष्ट करण्याच्या नियमालाही तसाच अपवाद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं जपायच्या आणि मग नष्ट करायच्या. पण ज्याच्यावर प्रौढासारखा खटला चालून निर्घृण गुन्हा सिद्ध झाला, त्याच्या नोंदी बालन्यायालय ठेवून घेतं.

पोलिसांच्या दफ्तराचं काय? किरकोळ आणि गंभीर (कायद्याच्या वर्गवारीत 'निर्घृण'च्या खालच्या) प्रकारात मुलावर एफआयआर सहसा नोंदवायचाच नाही, स्टेशन डायरीत नोंद करायची आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असा नियम आहे. चारित्र्य पडताळणीसाठी मुलाची नोंद उघड करायची नाही, हे कलम ७४ मध्येच आहे. आधी हे फक्त निकाली निघालेल्या प्रकरणांना लागू होतं. २०२१ च्या दुरुस्तीने चालू प्रकरणही त्यात आलं. भरतीच्या फॉर्ममधला 'आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का?' हा रकाना भरताना पोराचा हात अडतो तो इथे. २०१९ मध्ये केंद्रीय सुरक्षा दलातल्या एका नियुक्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अल्पवयातलं प्रकरण उमेदवाराच्या आड आणता येणार नाही; तो डाग पुसणं हाच कायद्याचा हेतू आहे.

नाव उघड करण्यात न्यायालयंही मागे नाहीत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालातच मुलाचं नाव दिसलं आणि ते काढायचा आदेश द्यावा लागला. गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात न्यायालयाने आरोपी मुलाला 'भोलू' आणि मयत मुलाला 'प्रिन्स' अशी टोपणनावं दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या शीर्षकात 'भोलू' राहिला, पण शेजारी मयत मुलाच्या वडिलांचं खरं नाव. याच प्रकरणात जुना 'सारांश' पुन्हा वर आला. मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही हे ज्या अहवालांवरून ठरायचं, त्यांच्या प्रती त्याच्या बाजूला मिळाल्या नव्हत्या. उच्च न्यायालयाने प्रकरण नव्याने तपासायला परत पाठवलं आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

कारण कलम ९९ आजही तेच म्हणतं: मंडळापुढचे आणि समितीपुढचे सगळे अहवाल गोपनीय, त्यांचा सारांश दुसऱ्या मंडळाला किंवा समितीला, मुलाला, त्याच्या आईवडिलांना किंवा पालकाला सांगता येईल. १९५८ चीच भाषा. पण त्याखाली एक नवं पोटकलम आहे. पीडिताला त्याच्या प्रकरणाची कागदपत्रं आणि आदेश पाहायला नाकारता येणार नाहीत. 'येईल' नव्हे, 'नाकारता येणार नाहीत'. ज्याच्याबद्दल वही लिहिली गेली त्या मुलाच्या वाट्याला इतकं ठाम वाक्य अजून आलेलं नाही.

दत्तक गेलेल्यांची गोष्ट याहून वेगळी. तिथे नोंदी नष्ट करून भागत नाही, कारण पंचवीस-तीस वर्षांनी युरोपातून कुणीतरी महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेच्या दारात येऊन उभं राहतं आणि स्वतःचंच पान मागतं. दत्तक नियमावलीत याला मूळशोध म्हणून जागा आहे. अठरा पूर्ण झालेल्याला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही, आणि मिळणाऱ्या माहितीत जन्मदात्या आईच्या गुप्ततेला धक्का लावायचा नाही.