नेतृत्वाचे गुण: आकडे सारखे, शेरे वेगळे

नाशिकमध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले ते १९३७ साली. मुलींना सैन्याच्या परीक्षांसाठी तयार करणारी शासकीय संस्था इथे यायला २०२३ उजाडले. नेतृत्व मोजायच्या पट्ट्या मधल्या काळात ठरल्या, त्याही पुरुष डोळ्यांपुढे ठेवून.

वैद्यकीय आणि परिचारिका सेवा वगळता भूदलात महिला अधिकारी आल्या १९९२ मध्ये, तेही मोजक्या वर्षांसाठी. खरी मेख वरिष्ठ दरवर्षी लिहितात त्या गोपनीय अहवालात होती. त्यात ९ पैकी गुण असतात, शिवाय अधिकाऱ्याचे शब्दचित्र आणि शिफारस. कायम नियुक्ती मिळणारच नाही, मग अहवाल मन लावून कोण लिहिणार? पुढे महिलांना कायम नियुक्ती खुली झाली, तेव्हा निवडीत हेच वरवरचे अहवाल धरले गेले. नंतरच्या वर्षांतली कामगिरी हिशेबातच आली नाही. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यात याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवले. नियम वरून सर्वांना सारखा होता, झळ मात्र महिलांनाच बसली.

अमेरिकेच्या लष्करी अकादम्यांत मुली १९७६ पासून आहेत, त्यामुळे तिथे असा अभ्यास करता आला. त्यांच्या नौदल अकादमीतील चार हजारांवर प्रशिक्षणार्थींची ८१ हजार मूल्यमापने तपासली गेली. मूल्यमापकांपुढे ८९ गुणदोषांची तयार यादी होती. परीक्षेचे आणि शारीरिक क्षमतेचे गुण पाहिले तर मुलगे-मुलींत फरक नव्हता. शब्दांत होता. मुलांच्या वाट्याला ‘विश्लेषक’, मुलींच्या वाट्याला ‘सहृदय’. दोष सांगताना मुलगा ‘उद्धट’ आणि मुलगी ‘कुवत नसलेली’. उद्धट माणसाला तुकडी सोपवतात, कुवत नाही म्हटल्यावर कोण सोपवेल?

इस्रायली सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अभ्यासात, युनिटमध्ये बायका थोड्या असल्या की त्यांना गुण कमी मिळतात, असे दिसले. एकटीदुकटीची प्रत्येक चूक ‘बायकांची चूक’ म्हणून लक्षात राहते.

नाशिकच्याच गांधीनगर भागातील आर्मी एव्हिएशन शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक मे २०२२ मध्ये भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यातही महिला अधिकारी आल्या. तिथेही सुरुवातीला त्या मोजक्याच असणार, म्हणून गुणपत्रक भरण्याची शिस्त आत्ताच लावायला हवी. आधी तारखेसह प्रसंग लिहावा: आदेश कोणता दिला, किती वेळात, तुकडीने काय केले. मग गुण द्यावेत आणि विशेषण सगळ्यात शेवटी. ज्या विशेषणामागे प्रसंग नाही, ते खोडावे. दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचे गुण न पाहता स्वतःचे द्यावेत.